गोळी चालू आहे, तरी रक्त का वाढत नाही?

रक्त कमी असण्याबद्दल बरीच पत्रं आली. बहुतेकांत हिमोग्लोबिनचा एकच आकडा दिलेला असतो आणि विचारलेलं असतं, "कोणतं टॉनिक घेऊ?" तो आकडा म्हणजे हिशेबाची शेवटची ओळ. रक्त कमी तयार होतंय, तयार होता होता वाया जातंय की बाहेर वाहून जातंय, हे त्या एका ओळीवरून कळत नाही. ज्यांनी सीबीसीचा (रक्तपेशींच्या पूर्ण मोजणीचा) पूर्ण कागद पाठवला त्यांना नेमकं उत्तर देता आलं. त्यातली काही पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : माझं वय ३४, वजन ५० किलो. हिमोग्लोबिन ८.२ निघालं म्हणून आरोग्य केंद्रातली लोहाची गोळी दोन महिने रोज सकाळी चहाबरोबर घेतली. जोडीला बीट-डाळिंबाचा रस आणि गूळ-शेंगदाणे. आता ८.६ आहे. मला गोळी लागू पडत नाही का?
(गृहिणी, इस्लामपूर)

उत्तर : गोळी लागू पडते. एक तर ती आतड्यातून आत जात नाहीये, किंवा आत जातं तेवढंच लोह बाहेर पडतंय. तुमच्या बाबतीत दोन्हीची शक्यता आहे.

आधी गरज किती ते पाहू. ५० किलो वजनाच्या बाईच्या अंगात साधारण सव्वातीन लिटर रक्त असतं. हिमोग्लोबिन ८.२ वरून १२.२ वर न्यायचं म्हणजे दर १०० मिलिलिटरमागे ४ ग्रॅमची वाढ, एकूण १३० ग्रॅम. एक ग्रॅम हिमोग्लोबिनला ३.४ मिलिग्रॅम लोह लागतं. म्हणजे नुसत्या रक्तासाठी ४४० मिलिग्रॅम लोह हवं. शिवाय यकृतातली रिकामी झालेली कोठी भरायला आणखी ३०० ते ५००. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. लोह कमी असलेलं शरीर त्यातलं दहा-पंधरा टक्के शोषतं, म्हणजे ६ ते ९ मिलिग्रॅम. सगळं सुरळीत चाललं तरी रक्ताची भर पडायला ५० ते ७० दिवस लागतात आणि कोठी भरायला त्यापुढे तितकेच. म्हणून हिमोग्लोबिन बरोबर आल्यानंतरही गोळी तीन महिने चालू ठेवायला सांगतात. "आता १२ झालं" म्हणून तिथेच थांबलेल्या बायका सहा महिन्यांनी पुन्हा ९ वर आलेल्या दिसतात, कारण कोठी रिकामीच राहिलेली असते.

आता चहा. त्यातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि शोषण निम्म्याहूनही खाली जाऊ शकतं. गोळीच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी नको. दूध किंवा कॅल्शियमची गोळी घेत असाल तर त्यात आणि लोहाच्या गोळीत दोन तासांचं अंतर ठेवा. गोळी जेवणाआधी तासभर, किंवा रात्री जेवून दोन तासांनी पाण्याबरोबर घ्या. पोटात ढवळत असेल तर दिवसाआड घेतली तरी चालते, आणि त्यामागे कारणही आहे. लोहाचा एक मोठा डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं आणि ते साधारण दिवसभर आतड्याचं दार ओढून घेतं. त्या काळात टाकलेली दुसरी गोळी बरीचशी वाया जाते आणि बद्धकोष्ठ मात्र देते. लवकर फरक पडावा म्हणून दिवसाला तीन गोळ्या घेणाऱ्यांना तिप्पट लोह मिळत नाही. शौचाला काळं होणं अपेक्षितच आहे, त्याला घाबरू नका.

गळतीचं काय? पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते का, पहिल्या दोन दिवसांत दर तास-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गुठळ्या जातात का? एकाचंही उत्तर हो असेल तर सोनोग्राफी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांना टाळू नका. हिमोग्लोबिन १२ असताना एका पाळीत ८० मिलिलिटर रक्त गेलं तर ३३ मिलिग्रॅम लोह जातं. गर्भाशयात गाठ असेल किंवा तांबी बसवल्यापासून अंगावरून जास्त जात असेल, तर गोळीने भरलेलं दर महिन्याला रिकामं होत राहतं. शेतात अनवाणी काम असेल तर आकडीच्या किड्याचाही (आतड्याला चिकटणाऱ्या हुकवर्म जंताचा) विचार हवा. त्याची एक जात दर किड्यामागे रोज ०.१५ मिलिलिटरपर्यंत रक्त पिते. पोटात शंभर किडे असले तर दिवसाला १५ मिलिलिटर झाले. अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी हा त्यावरचा सोपा उपाय. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत मात्र ती घ्यायची नाही.

बीटाबद्दल स्पष्ट लिहायला हवं. १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं, डाळिंबात त्याहून कमी. त्यांचा लाल रंग वेगळ्याच द्रव्यांचा आहे, हिमोग्लोबिनशी त्याचं नातं नाही. गुळात लोह असतं, पण आपण खातो तो खडा दहा-पंधरा ग्रॅमचा. त्यातून अर्धा मिलिग्रॅम मिळतं आणि त्याचाही थोडाच भाग शोषला जातो. त्यापेक्षा मोड आलेल्या मटकीची उसळ, बाजरीची भाकरी, मसूर, अळीव, आणि खात असाल तर कलेजी. उसळीवर लिंबू पिळा किंवा जेवणात आवळा-पेरू ठेवा. धान्या-कडधान्यांतलं लोह क जीवनसत्त्वाबरोबर बऱ्यापैकी आत जातं. मोड आणल्याने लोहाला अडवणारं फायटेटही कमी होतं. आमटीसारखे आंबट पदार्थ लोखंडी कढईत केले तर त्यात थोडं लोह उतरतं. हे सगळं चांगलं आहे आणि कायम ठेवण्यासारखं आहे, पण ८ चं १२ करणं एकट्या आहाराच्या आवाक्यात नाही.

गोळी वर सांगितल्यासारखी घेऊन चार आठवड्यांनी पुन्हा तपासा. निदान एक ग्रॅम वाढ दिसायला हवी. नाही दिसली तर तीच गोळी पुढे रेटू नका, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) करून घ्या आणि कारण शोधा. आणि हे कृपया विसरू नका: लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. दहा किलोच्या बाळाने अशा दहा गोळ्या गिळल्या तर जिवावर बेतू शकतं. त्या गोड आवरणाच्या, रंगीत असतात, म्हणून मुलांना त्या पेपरमिंटसारख्या दिसतात.

प्रश्न : तांबड्या पेशी किती बनवायच्या हे शरीरात कोण ठरवतं? पुस्तकात "अस्थिमज्जेत बनतात" एवढंच आहे. विद्यार्थी विचारतात की मग हे मूत्रपिंडाच्या धड्यात कशाला येतं?
(विज्ञान शिक्षिका, सिन्नर)

उत्तर : कारखाना मज्जेत आहे, पण मागणी नोंदवणारी कचेरी मूत्रपिंडात आहे.

प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे २५ लाख कोटी तांबड्या पेशी असतात आणि एक पेशी साधारण १२० दिवस जगते. भागाकार मुलांकडूनच करून घ्या: दर सेकंदाला २४ लाखांच्या आसपास नव्या पेशी लागतात. लहानपणी जवळजवळ सगळ्या हाडांत हे काम चालतं. मोठेपणी ते मणके, छातीचं हाड, बरगड्या, कमरेचं हाड, कवटी आणि मांडी-दंडाच्या हाडांची वरची टोकं एवढ्यातच उरतं. गर्भात असताना तर काही महिने मुख्य काम यकृत करतं.

मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थरातल्या काही पेशी तिथल्या ऊतींमधला प्राणवायू सतत मोजत असतात. ही जागा मोजमापाला योग्य आहे. मूत्रपिंडात रक्त जास्त आलं की गाळण्याचं कामही वाढतं आणि प्राणवायूचा खर्चही. त्यामुळे नुसत्या रक्तप्रवाहातल्या चढउताराने तिथला प्राणवायू फारसा हलत नाही. तो खरा उतरतो रक्तातच प्राणवायू कमी असला तर. तसं झालं की एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सुटतं. सुमारे ९० टक्के मूत्रपिंडातून, बाकीचं मुख्यतः यकृतातून.

हे संप्रेरक करतं काय, ते समजून घेण्यासारखं आहे. मज्जेत तांबड्या पेशींच्या पूर्वज पेशी गरजेपेक्षा जास्त संख्येने सुरू होतात आणि त्यातल्या पुष्कळशा वाटेतच मरून जातात. एरिथ्रोपोएटिन मुख्यतः त्यांना मरण्यापासून वाचवतं. जितकं संप्रेरक जास्त, तितक्या जास्त पेशी शेवटपर्यंत पोहोचतात. एका पूर्वज पेशीपासून विभाजनांनंतर सोळाच्या आसपास पेशी होतात. त्या हिमोग्लोबिनने भरतात, आपलं केंद्रक बाहेर टाकतात आणि सुमारे आठवड्याभरात रक्तात उतरतात. नुकत्याच उतरलेल्या पेशीला रेटिक्युलोसाइट म्हणतात. रक्तात तिचं प्रमाण सर्वसाधारणपणे ०.५ ते २.५ टक्के असतं. मज्जा काम करतेय की नाही हे पाहायचं तर ही तपासणी हिमोग्लोबिनपेक्षा आधी बोलते, आणि तरी ती फार क्वचित सांगितली जाते.

पेशीला प्राणवायू कमी असल्याचं कळतं कसं, हे उलगडल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेंझा यांना २०१९ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. पेशीत एचआयएफ नावाचं प्रथिन सतत बनत असतं. प्राणवायू पुरेसा असला की त्यावर खूण होऊन ते लगेच मोडून टाकलं जातं. प्राणवायू उतरला की खूण होत नाही, ते टिकून राहतं आणि एरिथ्रोपोएटिनचा जनुक चालू करतं. आठवी-नववीच्या मुलांना एवढं नक्की समजेल.

प्रश्न : वय ५२, पूर्ण शाकाहारी, मधुमेहासाठी नऊ वर्षांपासून मेटफॉर्मिन चालू. हिमोग्लोबिन ९.१, एमसीव्ही ११२. पायाला मुंग्या येतात, ती मधुमेहाची खूण असं समजत होतो. ओळखीच्या औषधवाल्याने फॉलिक अॅसिड ५ मिलिग्रॅम दिलं आहे. घ्यावं का?
(बँक कर्मचारी, पुणे)

उत्तर : एकटं फॉलिक अॅसिड घेऊ नका. आधी ब-१२ जीवनसत्त्वाची पातळी तपासायला रक्त द्या आणि तेही इंजेक्शन किंवा बी-कॉम्प्लेक्स सुरू करण्यापूर्वी, नाहीतर आकडा फसवा येईल.

एमसीव्ही म्हणजे पेशीचं सरासरी आकारमान. ते १०० च्या वर गेलं की पेशी मोठ्या झाल्या आहेत. पेशीने दोन व्हायचं तर आधी डीएनएची नक्कल करावी लागते आणि त्याला ब-१२ आणि फोलेट (फॉलिक अॅसिड हे त्याचंच गोळीतलं रूप) दोन्ही लागतात. ते कमी पडले की पेशी फुगत राहते पण विभागत नाही, आणि बऱ्याच पेशी मज्जेतच फुटून जातात. म्हणून अशा रुग्णाचा चेहरा फिकट असतो आणि त्यावर हलकी पिवळी झाकही दिसते. जीभ गुळगुळीत, लालबुंद होते. (दारू, यकृताचे आजार आणि थायरॉइड कमी असणं यांतही पेशी मोठ्या होतात, म्हणून थायरॉइडची टीएसएच तपासणीही करून घ्या.)

नुसतं फॉलिक अॅसिड दिलं तर मज्जेची गाडी काही काळ पुढे सरकते आणि हिमोग्लोबिन सुधारतं. नसांना मात्र ब-१२ च हवं असतं. रक्ताचा कागद चांगला दिसत राहतो आणि नसांची झीज पुढे चालू राहते. मुंग्या, मग पायाखाली कापूस असल्यासारखं वाटणं, अंधारात तोल जाणं. फार उशीर झाला तर हे पुरतं भरून येत नाही. तुमच्या मुंग्या मधुमेहामुळे असतील किंवा ब-१२ मुळे. दोन्ही कारणं एकत्रही असू शकतात. त्यातलं एक पूर्ण बरं होण्याजोगं आहे, म्हणून ते आधी शोधायचं.

तुमच्याकडे कारणं दोन आहेत. ब-१२ वनस्पतींमध्ये भरवशाचं मिळत नाही. आंबवलेल्या इडली-डोशातही नाही, आणि स्पिरुलिना शेवाळात असतं ते बहुतांशी शरीराला न चालणारं रूप. शाकाहाऱ्याचा आधार दूध-दही. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा लिटर दूध. दुसरं कारण मेटफॉर्मिन. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ब-१२ शोषलं जातं, तिथे हे औषध अडथळा आणतं. अॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर त्यांचीही भर पडते. मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका, दरवर्षी ब-१२ तपासत राहा.

नसांची लक्षणं असताना सुरुवात इंजेक्शनने करतात: १००० मायक्रोग्रॅम, पहिले एक-दोन आठवडे रोज किंवा दिवसाआड, मग महिनाभर आठवड्याला एक, मग महिन्याला एक. फोलेटही कमी निघालं तर त्याची गोळी ब-१२ सुरू झाल्यावर द्यायची. पाच ते सात दिवसांत रेटिक्युलोसाइट उसळी घेतात आणि दोन महिन्यांत हिमोग्लोबिन जागेवर येतं. नसांना काही महिने द्या. नव्या पेशी झपाट्याने बनताना पोटॅशियम उतरू शकतं, त्यामुळे रक्त फारच कमी असेल तर पहिला आठवडा डॉक्टरांच्या नजरेखाली काढावा. आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची: ब-१२ किंवा लोह कमी असताना पेशी सरासरीने जास्त वयाच्या असतात, त्यामुळे एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं. उपचारानंतर ते खाली आलं तर साखर एकदम सुधारली असं समजून गोळी कमी करू नका.

फोलेटच्या शोधाचा एक धागा मुंबईतला आहे. १९२८ नंतर लुसी विल्स या डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत राहून कापडगिरण्यांतल्या गरोदर कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयाचा शोध घेत होत्या. त्या बायकांच्या तांबड्या पेशीही अशाच मोठ्या होत्या. यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात हे विल्सबाईंनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला घटक म्हणजे फोलेट. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला गेला आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला नाव मिळालं. आज गरोदर बाईला मिळणाऱ्या गोळीत लोहाच्या शेजारी फॉलिक अॅसिड असतं, त्याचं मूळ गिरणगावातल्या त्या बायकांमध्ये आहे.

प्रश्न : वडिलांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा होतं. एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं चार महिने चालू आहेत, तरी हिमोग्लोबिन ७.८ च्या पुढे जात नाही. डोस वाढवायला सांगू का?
(सोलापूर)

उत्तर : डोस वाढवण्याआधी लोह बघा. इंजेक्शन म्हणजे मज्जेला दिलेली ऑर्डर. कच्चा माल नसेल तर ऑर्डर दुप्पट करून काय होणार? ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहणारं प्रथिन किती भरलेलं आहे ते प्रमाण) २० टक्क्यांच्या खाली किंवा फेरिटिन २०० च्या खाली असेल तर डायलिसिसच्या रुग्णाला बहुधा शिरेतून लोह द्यावं लागतं, तोंडावाटे पुरत नाही. दर डायलिसिसला नळ्यांत थोडं रक्त अडकून जातं, वरचेवर तपासण्यांसाठीही निघतं. वर्षाचा हिशेब केला तर ते पुष्कळ होतं.

लोह पुरेसं असूनही वाढ नसेल तर इतर गोष्टी एकेक करून पाहा. कुठे जंतुसंसर्ग दडलाय का, विशेषतः मानेत कॅथेटर असेल तर, किंवा क्षयरोग. डायलिसिस पुरेसं होतंय का, हा फार महत्त्वाचा प्रश्न. सर्वसाधारण पद्धत आठवड्याला तीनदाची आहे, दोन वेळांत घाण रक्तात साठून मज्जा दबते. पॅराथायरॉइड संप्रेरक फार वाढलंय का. ब-१२ आणि फोलेट. आणि एक अगदी साधी गोष्ट: इंजेक्शन कुठे ठेवता? ते २ ते ८ अंशांत राहायला हवं. फ्रीजरमध्ये गोठलं, बर्फाच्या पाकिटाला चिकटून घरी आलं, किंवा कुपी जोरात हलवली तर औषध निकामी होतं. बाहेरून काही वेगळं दिसत नाही. औषधाच्या दुकानातून घरी आणताना बर्फ आणि कुपी यांच्यात कापडाची घडी ठेवा.

हिमोग्लोबिनचं लक्ष्य १० ते ११.५ एवढंच ठेवतात. १३ च्या वर नेण्याचे प्रयत्न मोठ्या चाचण्यांत झाले, तेव्हा पक्षाघात आणि गुठळ्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. वाढही सावकाश हवी, महिन्याला दोन ग्रॅमच्या आत, आणि त्या काळात रक्तदाब नियमित मोजायचा. डेसिडुस्टॅट हे वर सांगितलेल्या एचआयएफ प्रथिनाला टिकवून धरणारं औषध २०२२ पासून भारतात गोळीच्या रूपात मिळतं. ते वडिलांना योग्य आहे का हे मूत्रपिंडतज्ज्ञच ठरवतील. प्रत्यारोपणाचा विचार असेल तर शक्यतो रक्त चढवणं टाळा. दुसऱ्याच्या रक्तामुळे शरीरात प्रतिपिंडं तयार होतात आणि पुढे जुळणारं मूत्रपिंड मिळणं अवघड होतं.

प्रश्न : वय २६. शाळेपासून रक्तवाढीच्या गोळ्या खातोय, हिमोग्लोबिन कायम १०.५ ते ११. आत्ताचा रिपोर्ट : हिमोग्लोबिन १०.८, तांबड्या पेशी ५८ लाख, एमसीव्ही ६२. लग्न ठरतंय, घरचे म्हणतात आधी रक्त वाढव.
(उल्हासनगर)

उत्तर : तुमच्या कागदातला सगळ्यात बोलका आकडा ५८ लाख हा आहे. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात आणि संख्येनेही कमी पडतात. तुमच्या पेशी लहान आहेत पण भरपूर आहेत. एमसीव्हीला पेशींच्या संख्येने (दशलक्षांत) भागा : ६२ भागिले ५.८, उत्तर १०.७. हे १३ च्या खाली आलं की थॅलेसीमिया मायनरचा संशय घ्यायचा. एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी, करून घ्या. त्यात एचबीए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर निदान बहुतेक पक्कं होतं. त्याबरोबर फेरिटिनही करा, कारण लोहही कमी असेल तर एचबीए२ थोडं खाली दिसू शकतं.

मायनर हा आजार नाही, वाहकपणा आहे. तुमच्या मज्जेला ग्लोबिनची साखळी पुरेशी बनवता येत नाही. लोह तिथे पडून आहे, म्हणून गोळ्यांनी काही झालं नाही. फेरिटिन कमी नसेल तर त्या आजच थांबवा, वर्षानुवर्षं नको असलेलं लोह यकृतात साठू शकतं. १०.८ वर तुम्ही निरोगी आयुष्य जगाल. रक्त वाढवणं हा लग्नाआधीचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो तुमच्या होणाऱ्या पत्नीच्या तपासणीचा. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसीमिया मेजर (ज्यात वरचेवर रक्त चढवावं लागतं तो गंभीर आजार) होण्याची शक्यता चारात एक. ते माहीत असेल तर गरोदरपणाच्या अकराव्या-बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी करता येते. घरच्यांना हे लपवू नका. पत्रिका जुळवतो तसा हा एक कागद जुळवावा, इतकं ते सरळ आहे.

प्रश्न : आईला संधिवात आहे. हिमोग्लोबिन ९.६, पण फेरिटिन ३१०. एक डॉक्टर म्हणतात लोह द्या, दुसरे म्हणतात लोह भरपूर आहे. खरं काय?
(जळगाव)

उत्तर : लोह आहे, पण कुलपात आहे. शरीरात सूज असते तेव्हा यकृत हेप्सिडिन सोडत राहतं. आतड्यातून लोह आत येत नाही आणि साठवणाऱ्या पेशींतून बाहेरही पडत नाही. जंतूंना लोह मिळू नये म्हणून शरीराने केलेली ही तजवीज आहे, संधिवातात ती विनाकारण चालू राहते. शरीराला रोज लागणारं २०-२५ मिलिग्रॅम लोह जवळजवळ सगळं जुन्या, मोडलेल्या पेशींतूनच परत मिळत असतं, आहारातून जेमतेम एक-दोन. ती परतीची वाटच बंद झाली की मज्जा उपाशी राहते. सूज वाढली की फेरिटिनही वर जातं, म्हणून ३१० वर एकट्याने विसंबू नका. सीआरपी (सूज किती आहे ते दाखवणारी तपासणी) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन बघा. सॅच्युरेशन २० च्या खाली असेल तर शिरेतून लोहाचा विचार होतो. खरा उपचार संधिवात आटोक्यात आणणं. वेदनाशामक गोळ्यांनी पोटातून रक्त जातंय का, हेही विचारा.

प्रश्न : वय ६१, पुरुष. हिमोग्लोबिन ९.४, फेरिटिन ९. गोळ्यांनी ११.२ झालं. डॉक्टर दुर्बिणीची तपासणी सांगतात. आता गरज आहे का?
(चिपळूण)

उत्तर : आहे, आणि पुढे ढकलू नका. या वयाच्या पुरुषाच्या शरीरातून लोह जायला मुख्य वाट एकच, पोट किंवा आतडं. अल्सर, अॅस्पिरिन, मूळव्याध, किंवा मोठ्या आतड्यातली गाठ. गोळीने आकडा वाढला म्हणजे गळती थांबली असं नाही. जठर आणि मोठं आतडं, दोन्हीकडची तपासणी एकत्र करून घ्या.

प्रश्न : पुढच्या महिन्यात लेहला जाणार आहोत. आधी महिनाभर लोहाच्या गोळ्या घेतल्या तर तिथे त्रास कमी होईल का?
(ट्रेकिंग गट, ठाणे)

उत्तर : लोह कमी नसेल तर काही उपयोग नाही. लेह ३५०० मीटरवर आहे. पोहोचल्यावर एक-दोन दिवसांत एरिथ्रोपोएटिन चढतं, पण पेशींची खरी वाढ दिसायला तीन-चार आठवडे जातात आणि तोवर तुम्ही घरी परतलेले असता. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन वाढलेलं दिसतं ते रक्तातलं पाणी कमी झाल्यामुळे. सुरुवातीच्या दिवसांत शरीर सांभाळून घेतं ते जोरात श्वास घेऊन. म्हणून पहिले दोन दिवस लेहमध्येच विश्रांती घ्या, आणि तिथून वर मुक्काम करायचा तर दर रात्री साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त चढू नका.

प्रश्न : आमच्या पाड्यावर सिकलसेलचा सात वर्षांचा मुलगा आहे. तीन दिवस ताप आला आणि मग एकदम पांढरा फटक पडला. दुखणं नव्हतं. रक्त चढवल्यावर बरा झाला. असं का झालं, आणि पुढच्या वेळी मी काय बघू?
(आशा कार्यकर्ती, धडगाव)

उत्तर : ताई, तुम्ही त्याला वेळेवर पोहोचवलंत म्हणून तो वाचला. सिकलसेल या आनुवंशिक आजारात तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि १२० नाही, १० ते २० दिवसच जगते. मज्जा कित्येक पट वेगाने काम करून ती तूट भरत असते. पार्व्हो बी-१९ नावाचा विषाणू तांबड्या पेशींच्या पूर्वजांवरच हल्ला करतो आणि आठवडाभर उत्पादन थांबवतो. निरोगी मुलात आठवड्याच्या खंडाने काहीच कळत नाही. या मुलात तेवढ्यात निम्म्याच्या आसपास रक्त संपू शकतं. त्या वेळी रेटिक्युलोसाइट तपासले असते तर जवळजवळ शून्य आले असते.

पुढच्या वेळी ताप असताना रोज त्याचे तळहात, ओठ आणि खालच्या पापणीची आतली बाजू बघा. धाप लागते का, नेहमीपेक्षा जास्त झोपून राहतो का? आईला डाव्या बरगडीखाली पानथरी (प्लीहा) चाचपायला शिकवा. ती एकाएकी मोठी झाली तर रक्त तिथे अडकतंय, आणि ते यापेक्षाही घाईचं असतं. दोन्हींत त्याच दिवशी रुग्णालय. घरात भावंडं सिकलसेलची असतील तर पुढचे दोन आठवडे त्यांच्यावरही लक्ष ठेवा, हा विषाणू पसरतो. गरोदर बायकांना अशा आजारी मुलापासून दूर ठेवा, गर्भाला धोका असतो.

फॉलिक अॅसिड रोज चालू हवं, इतक्या वेगाने पेशी बनवायला ते जास्त खर्च होतं. हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलवरचं औषध चालू असेल तर ते चुकवू देऊ नका. रक्त तपासल्याशिवाय लोहाची गोळी किंवा सिरप या मुलाला देऊ नका, शाळेत वाटप होतं तेव्हा शिक्षकांना तसं सांगून ठेवा. आणि सोल्युबिलिटी तपासणी (सिकलसेलची पहिली चाळणी) पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहे असं नाही. वाहक की रुग्ण हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसनेच कळतं, त्याचा कागद प्रत्येक घराने जपून ठेवायला हवा.

प्रश्न : वर्षातून चार वेळा रक्तदान करतो. या वेळी हिमोग्लोबिन १२.२ म्हणून परत पाठवलं. रक्त पुन्हा भरायला किती दिवस लागतात?
(कोल्हापूर)

उत्तर : पातळ भाग एक-दोन दिवसांत भरतो, पेशी भरायला चार ते आठ आठवडे. लोह मात्र मागे राहतं. हिमोग्लोबिन १४ असताना ३५० मिलिलिटर रक्त दिलं की १६५ मिलिग्रॅमच्या वर लोह जातं आणि नुसत्या आहाराने ते भरायला सहा महिनेही लागू शकतात. नियमाप्रमाणे पुरुषांना ९० दिवसांचं, स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर पुरतं, पण सलग चार वेळा देणाऱ्याची कोठी हळूहळू आटते. १२.५ च्या खाली दान घेत नाहीत हे तुमच्याच हिताचं आहे. फेरिटिन करून बघा. ३० च्या खाली असेल तर दोन-तीन महिने दिवसाआड लोहाची एक गोळी घ्या आणि वर्षाला चारऐवजी दोनदा द्या. पुरुषात लोह कमी होण्याचं कारण रक्तदानच आहे असं मात्र लगेच धरू नका. दान थांबवूनही फेरिटिन चढलं नाही, तर चिपळूणच्या वाचकांना सांगितलेली तपासणी तुम्हालाही लागेल.